त्रेचाळीस

मार्चमध्ये पहिल्यांदा पाइप वाजला.
हीटरच्या नळीवर चमच्याचे तीन टोले,
खालून, चौथ्या मजल्यावरून.
मी आवाज कमी केला. पुन्हा तीन.
आणखी कमी, इतका की गाणारीचे नुसते ओठ हलताहेत असं वाटावं.
तरी तीनच.

खर्जाचं असंच असतं.
बाकीचे सूर दाराशी थबकतात, पडद्यात गुंततात,
सोफ्याच्या कुशीत निजून जातात.
हा बूट न काढता आत येतो
आणि थेट शेजाऱ्याच्या पोटात जाऊन बसतो.
त्यातून लास्नामाएच्या आमच्या इमारती:
कारखान्यात ओतलेल्या, ट्रकवरून आणलेल्या,
पत्त्यांसारख्या एकमेकींवर टेकवलेल्या.
एकीला शिंक आली तर नऊ मजले सावरून बसतात.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले.
तार्तूहून मुलीने फोनवर पाहिलं, म्हणाली,
बाबा, कोंबड्या कधी आणताय?
मग फुटपाथची एक फरशी पाच मजले वर वाहिली
(लिफ्ट त्या आठवड्यात रुसलेली),
टेनिसचे चेंडू कापून तिच्याखाली अर्धे अर्धे ठेवले,
वर स्पीकर.
कोपऱ्यातून त्याला ओढून काढला, कारण कोपऱ्यात
तो दोन्ही भिंतींच्या खांद्यावर हात टाकून
दुप्पट बोलत होता.

तीनाचे दोन टोले झाले.

मग जामची बरणी घेऊन खाली गेलो.
झिनाइदा अर्काद्येव्ना. माझी रशियन शाळेच्या बाकावर गंजलेली,
त्यांची एस्टोनियन औषधाच्या दुकानापुढे न गेलेली.
त्यांनी माझी बाही धरली, कपाटापाशी नेलं,
माझा तळवा काचेच्या दारावर टेकवला.
आत चहाचे सहा पेले, धातूच्या कड्यांत.
पाच भिंतीला लागून. सहावा
फळीच्या कडेपासून दोन बोटांवर.
त्याच्यामागे फळीवर पेन्सिलच्या बारीक रेघा,
प्रत्येकीपुढे तारीख.

म्हणजे माझं संगीत रोज संध्याकाळी
एका पेल्याला चालवत होतं.

मागे का नाही सरकवला, मी हातांनी विचारलं.
त्यांनी मान हलवली.
कोणाचा तो, हे विचारण्याइतकी रशियन मला येत होती.
विचारलं नाही.

रविवारी दुपारी कसोटी.
मी वर, एकेक सूर लावत. त्या खाली, चमचा घेऊन.
तीस. काही नाही.
छत्तीस. काही नाही. चाळीस.
बेचाळीसला पाइप जरासा कुरकुरला की मलाच तसं वाटलं.
त्रेचाळीसला टोले, टोले, टोले,
सापडला, सापडला असे,
दोन घरांत मिळून एक चोर धरल्यासारखे.
चव्वेचाळीसला पुन्हा शांत.

तेवढाच सूर मी कापला.
यंत्राच्या पडद्यावर सपाट रेघेत एक बारीक खाच,
सुरीने पावात पाडावी तशी.

त्यानंतर माझ्या एका रेकॉर्डमध्ये
डबल बेस जिना उतरतो आणि
एक पायरी नसते.
पाय दर वेळी तिथे चाचपडतो.
पाहुण्यांना कळत नाही. मला कळतं,
आणि खाली कपाटात कोणीतरी जागच्या जागी उभं असतं.

उन्हाळ्यात एकदा जिन्यात भेटल्या.
बोटाने हवेत एक रेघ ओढली, मग ती पुसली,
मग हसल्या. नवी तारीख नाही, असा अर्थ मी लावला.

ऑक्टोबरात बहीण येऊन त्यांना नार्वाला घेऊन गेली.
कपाट चार माणसांनी उतरवलं; पेले
त्यांनी स्वतः, वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर.
खालचं घर अजून रिकामं आहे.

काल रात्री, दहाच्या आत,
मी ती खाच भरून काढली.
त्रेचाळीस आला, गुबगुबीत, आपल्या पायरीवर बसला,
फरशीतून, चेंडूंतून खाली उतरत गेला असेल
त्या उघड्या फळीएवढ्या जागेपर्यंत.
रेकॉर्ड संपलं.
मी पाइपवर हात ठेवून बसलो.
पाइप गरम होता, एवढंच.