दीड मैल

दारामागच्या खुंटीवरचा कोट बाबांनी चाचपून काढला,
खिशात सुरी आहे ना, सुतळी आहे ना, बघितलं.
"दीड मैल," ते म्हणाले, "चहा निवायच्या आत परत."
चहा केलेलाच नव्हता.

चर्चच्या भिंतीला लागून पाणंद उतरते.
दोन्ही अंगांना हॉथॉर्नची कुंपणं, डोक्याहून उंच,
मधे एक गाडी जेमतेम मावेल एवढं डांबर
आणि डांबराच्या मधोमध गवताची शेंडी.
बाबा त्या शेंडीवरून चालतात.
डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो,
बाकीचं ते बुटांना विचारतात.

वळणावर म्युरिएल गिटिन्स घोडीवरून आली.
"काय आल्विन, आज पोरगी सापडली वाटतं!"
"बर्मिंगहॅमहून आलीय," बाबा म्हणाले, "मला वाट दाखवायला."
तिघंही हसलो. घोडीनं
माझ्या बाहीचा वास घेतला आणि मान फिरवली.

फाटकानंतर गाडीवाट.
ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत कालचं पाणी, पाण्यात ढग.
मी ढग म्हणाले, तर त्यांनी विचारलं,
"कसले? लोकरीसारखे, की नासलेल्या दुधासारखे?"
मी वर पाहिलं, खाली पाहिलं.
आमच्या ऑफिसात पुराचे दावे येतात,
किती इंच, कुठल्या तारखेला, गालिचा होता का.
ढगांबद्दल कुणी विचारत नाही.
"लोकरीसारखे," म्हणाले.

डावीकडचं वावर 'उपाशी'.
पलीकडचं 'फॅनीचं'. फॅनी कोण, कुणालाच ठाऊक नाही.
नकाशात दोघांनाही नुसते आकडे.

मग रानलसणीचा वास, उतार, निसरडं,
त्यांची बोटं माझ्या कोपराला,
आणि ते थांबले. मान तिरकी.
"हा आपला ओढा नाही."

"तोच आहे बाबा."
"आवाज डावीकडून यायला हवा."

खरंच. फेब्रुवारीच्या पुरात
ओढा कूस बदलून दहा पावलं सरकला होता.
साकव होता तिथंच होता,
खाली कोरडे गोटे, एक पत्र्याची बादली,
पाण्याचा थेंब नाही.

"आल्डर आडवा पडलाय," मी म्हणाले.
"कुठला?"
"मोठा."
"मोठे तीन होते."

माझ्याजवळ त्याच्यापुढे शब्द नव्हते.
वाकून बघत बसले.
मुळं वर आलेली, मुठीत दगड धरल्यासारखी,
लाल माती ओलीच, आणि एका बेचक्यात
बाटलीचं तोंड. निळं.

"निळं?" बाबा म्हणाले. "मग तिसरा."
थोड्या वेळानं:
"नॉर्मनची आहे. असू दे तिथंच."
काकांचं नाव त्यांनी शेवटचं कधी घेतलं,
मला आठवेना.

तरी आम्ही साकवावरूनच गेलो,
वहिवाट तशी आहे म्हणून.
कठड्याला धरून, बेतानं, कोरड्या गोट्यांवरून पलीकडे,
आणि मग दहा पावलांवर खरं पाणी,
नडगीभर, बर्फासारखं.
बाबा न विचारता उतरले.
मध्यावर उभे राहिले,
पाणी कुठून येतंय ते पायांनी ऐकत.
मी काठावर, बूट काढू की नको या विचारात.

परतीच्या चढावर बुटांतून पाणी वाजत होतं,
त्यांच्या आणि माझ्याही.
"ढग कसले म्हणालीस?"
"लोकरीसारखे."
"मग माझा कोट कशानं वाजतोय?"