अकरा नंबरची खिडकी

हजर व्हायचंय उद्या, साडेदहाला.
म्हणजे आजची संध्याकाळ कुणाच्याच हिशेबात नाही,
प्रवासभत्त्याच्याही.

लॉजवाल्यानं चावी दिली,
तिला पुरीएवढा पितळी बिल्ला, वर कोरलेला ११.
"हरवू नये म्हणून," तो म्हणाला.
चावी की मी, ते विचारलं नाही.

खोलीची खिडकी उघडेना.
तेव्हा मीच बाहेर पडले.

राजवाडा खाली दगडाचा, वर लाकडाचा.
बांधता बांधता कुणाचं तरी मत बदललं असावं
आणि ते शोभून गेलं.
समोर एक पोरगं फुगे विकायचं सोडून
फुग्यांतून मावळतीकडे बघत होतं, हिरवी, मग जांभळी.
मी घेतला नाही फुगा.
घ्यायला हवा होता.

कुठं जायचं ठरलं नव्हतं.
उतार दिसला की पाय उतारानं जातात;
चिपळूणच्या पायांना एवढं पाठ असतं,
उतार संपतो तिथं पाणी.

वाटेत दुकानांच्या पाट्या वाचत गेले.
हिंदीतून लिहिलेली मराठी आडनावं,
लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीसारखी,
ओळखीची,
पण हसण्याची ढब वेगळी.

मग छत्र्या.
उन्हानं दिवसभर तापलेला दगड अजून कोमट होता,
नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.
जोत्यावर कोरलेले शिपाई ओळीनं उभे,
एकाचं नाक झिजलेलं, एकाचं बोट गेलेलं,
तरी पहारा चालू.
त्यांच्या पायाशी स्पर्धा परीक्षेची दोन मुलं
एकमेकांना सनावळ्या विचारत होती
आणि चुकीच्या उत्तरावर खारे शेंगदाणे दंड भरत होती.
मला एक उत्तर येत होतं.
गप्प बसले. दंड मजेत चालला होता.

पुलावर चाव्या करणारा म्हातारा,
डोक्यावर पांढरी, सोनेरी काठाची टोपी.
त्याला विचारलं, "नदी कुठं आहे हो इथं?"
त्यानं कानस थांबवली.
"बाई, तिच्यावरच तर उभ्या राहून राहिल्या तुम्ही."

खाली पाहिलं.
काळसर, अरुंद, पुढं जायची घाई नसलेलं पाणी.
मी त्याला नाला समजून
नाकाला पदर लावून ओलांडणार होते.
आमची वाशिष्ठी न बोलावता घरात येते,
कपाटाच्या तिसऱ्या फळीवर चिखलाची सही करून जाते.
तिला नदी म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही.
हिची ओळख करून द्यायला
एक माणूस लागला.
"नाव खान," तो म्हणाला, "कान्हही म्हणतात.
लहानपणी इथंच पोहलो मी. आता कुणी मानत नाही."
मी मानलं.
म्हणजे, तसं तोंडानं म्हणाले;
खरं मानायला थोडा वेळ लागला.

मुर्तुजाभाई त्यांचं नाव.
मराठी मल्हारगंजात शिकले,
शेजारच्या काकूंची बोलणी खाऊन,
म्हणून त्यांच्या मराठीत रागाचे शब्द जास्त चांगले होते.
माझ्या हातातला बिल्ला पाहून म्हणाले,
"अकरा? तिची खिडकी फुगलेली आहे.
डाव्या कोपऱ्यात ठोसा मारा. वर नाही, खाली.
कुलूप मीच बसवलं, बासष्ट रुपये अजून यायचेत."

परतताना सराफ्यात दागिन्यांची शटरं खाली येत होती
आणि त्याच पायऱ्यांवर कढया मांडल्या जात होत्या.
भुट्ट्याचा कीस घेतला, पळसाच्या द्रोणात, वर लिंबू.
मक्याचा उपमा म्हणावा तर नव्हे.
घरी फोन करून चव सांगायला गेले,
जमलं नाही.
"बरं आहे ना पण?" आईनं विचारलं.
"गोड आहे थोडं," मी म्हणाले,
आणि आम्ही दोघी नक्की कशाबद्दल बोलत होतो
ते तसंच राहिलं.

रात्री डावा कोपरा, खाली, ठोसा.
एकदा. दुसऱ्यांदा.
उघडली.

वास आला, तिचाच,
आणि दूर कुठंतरी कढईवर झाऱ्याचा आवाज.
बंद करावी का, असं मनात आलं.
मग उशी खिडकीकडे सरकवली.
बासष्ट रुपयांचं मात्र
सकाळी लॉजवाल्याला सांगायला हवं.