अडीच किलो

नुकूसच्या दवाखान्यात शिरलं की आधी वजनकाटा.
आईचे बूट मी काढते.
घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो
आणि बराच वेळ तसाच राहतो,
ओल्या वाळूत पडावा तसा.

साठ किलो आठशे.
परवा इथून निघाली तेव्हा अठ्ठावन्न तीनशे होती.
मधल्या दोन दिवसांत
तिनं मोजून सहा पियाल्या चहा घेतला,
प्रत्येक पियालीमागे जर्दाळूची एक बी
बशीत टाकत गेली.
खरबुजाच्या फाकांसाठी मात्र
बशीत बी नव्हती.
काटा चहाडखोर असतो.

डॉक्टर पाराखात माझ्यापेक्षा लहान आहे.
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यानं
दोन मुठी काढल्या, कण्याच्या दोन बाजूंना.
"आजी, निरोगी माणसात या दोघी
दिवसाला एकशे ऐंशी लिटर पाणी गाळतात.
दीडएक लिटर बाहेर टाकतात,
उरलेलं सगळं रक्ताला परत.
उन्हात घाम गेला की वरून, मेंदूकडून, निरोप येतो:
आज राखून ठेवा.
भरपूर प्यालं की निरोप थांबतो,
मग जादा पाणी सोडून देतात.
समजा, कालव्याची दारं असतात ना..."

"कालव्याचं मला सांगू नकोस,"
आई म्हणाली.
"दोन नद्या येत होत्या. आमू आणि सिर.
कापसासाठी दारं उघडली,
ती उघडीच राहिली.
हिशेब लिहिणारे पुष्कळ होते रे.
परत देणारं कुणी नव्हतं."

खोलीत फक्त यंत्राची घरघर.
पाराखातनं पेन झाकलं, पुन्हा उघडलं.

मग तीच बोलली.
मुयनाकच्या मासळीच्या कारखान्यात
खाऱ्या पाण्याच्या हौदापाशी बीबीसारा बसायची.
करंगळी बुडवून जिभेला लावायची.
"एक पळी पाणी," म्हणायची,
नाहीतर, "मूठभर मीठ."
अंडं तरंगवून पाहणारे साहेब आले आणि गेले,
तिची जीभ चुकली नाही.
झोपेतसुद्धा तिची करंगळी हलते,
असं तिचा नवरा सांगायचा.
"तसल्याच दोघी माझ्या पाठीत होत्या का?"

पाराखातनं कालव्यावर काट मारली.
"हो. तशाच. रात्रपाळी धरून."

"मग एकदमच कशा उठून गेल्या?"

"एकदम नाही, आजी. वीस वर्षं दमत होत्या.
निम्म्याहून जास्त दमल्या तरी काम निघत राहतं,
म्हणून कुणी विचारत नाही."

आई छताकडे बघत राहिली.
मला वाटतं, ती बीबीसाराला आठवत होती,
शेवटची मासळी आली त्या वर्षी
हौद कोरडा पडल्यावरही
तिथेच स्टूल टाकून बसलेली.

चार तास.
नळीतून रक्त जातं, येतं.
यंत्राला जीभ नाही, आकडे आहेत,
आणि आकडेही बरे असतात,
मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही.
बाहेर उत्तरेकडचा वारा सुटलेला,
समुद्राच्या तळाचं मीठ घेऊन.
खिडकीच्या काचेवर पांढरट साय धरली होती.
ज्या पाण्यावर बाबांची बोट चालायची
ते आटून कुठल्या कुठे गेलं,
आणि आईच्या अंगात आलेलं
निघता निघत नाही.

"किती निघालं?"
"अडीच किलो," नर्स म्हणाली.
"आणि जातं कुठं ते?"
नर्सनं भिंतीतल्या पाइपकडे बोट केलं.
"मग तेवढं तरी समुद्राकडे सोडा गं."

नर्स हसली. आई हसली नाही.
ओठ कोरडे म्हणून
मी तिच्या तोंडात बर्फाचा खडा ठेवला,
एकच, बोराएवढा;
तो तिनं गालात धरला, चघळला नाही.
मुयनाकपर्यंत तीन तासांचा रस्ता आहे.

खाली वाकले, बूट चढवले.
सकाळी न बसणारी चेन
या वेळी वरपर्यंत गेली.