माळ्याचं झाकण

पुण्याच्या पाहुणीने वहीत लिहिलं,
खोली छान, सोलकढी उत्तम,
फक्त एसी लावूनही रात्रभर
वरून सुक्या बांगड्याचा वास येत होता.
खाली सही आणि एक हसरा चेहरा.

वर बघितलं. होतंच ते भोक,
माळ्यावर चढायचं, पावणेदोन फुटांचं,
सासऱ्यांनी करवतीने कापलेलं.
ना दार, ना झडप. शिडी लावायची, डोकं घालायचं.
वर जाळी, बोये, मोडकं वल्हं, जवळ्याची पोती
आणि कौलांच्या फटींतून आत शिरलेला
सगळा सर्जेकोट.
खालचा विकतचा गारवा वर जात होता,
वरचा वास फुकट खाली येत होता.

बाबली मेस्त्रींना फोन केला.
तुळशीच्या लग्नापर्यंत हात मोकळे नाहीत म्हणाले.
ठेवता ठेवता म्हणाले,
'खिळे मारू नको हां. काढूक येवक होया.
आणि वारो खंयसून येता तां आधी बग.'

मग मीच शिडीवर.
चार बाजू मोजल्या, चारही वेगळ्या.
कोपऱ्यापासून कोपरा मोजला, तर बोटभर फरक.
ह्या घरात काटकोन एकही नाही
हे लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर
मला टेपने सांगितलं.

होडी विकली तेव्हा केबिनची एक फळी उरली होती,
मरीन प्लाय, पाण्याला न भिणारा.
तो कापला. भोकाच्या आत चारी बाजूंनी
सागाची पट्टी ठोकली, झाकणाला टेकायला.
बर्फाच्या पेटीचं झाकण होतं मागीलदारी,
त्याचा थर्माकोल सुरीने सोडवून
प्लायच्या पाठीवर चिकटवला,
त्याचं रबर पट्टीवर फिरवलं.
ज्याने सुरमई गार ठेवली
ते आता पाहुण्यांना गार ठेवणार.
रबराला अजून मासळीचा वास होता.
दोनदा साबणाने धुतलं, एकदा कोकमाने.

फिरक्या पितळी घेतल्या, चार.
लोखंड इथे दोन पावसाळ्यांत तांबडी माती होतं.
धरायला जाळ्याच्या दोरीची मूठ,
गाठ सासऱ्यांनी मारली, पडवीत बसून,
न बघता.

अगरबत्ती लावून कडेकडेने फिरवली.
तीन बाजूंना धूर सरळ उभा.
चौथीला, दर्याकडच्या कोपऱ्यात,
कुणी हाक मारावी तसा वळला.
तिथे सायकलच्या ट्यूबची चकती घातली.
परत अगरबत्ती. धूर उभा.
एकटीच हसले शिडीवर.
मग पेन्सिलीने त्या कडेवर लिहिलं, 'दर्या',
कारण झाकण एकाच बाजूने बसतं,
उलटं लावलं तर बसतच नाही.

त्या रात्री पाहुणे गाढ झोपले.
तीनच्या सुमारास पडवीतून आवाज,
'वारो पडलो काय गो?'
बाहेर माड तर सळसळत होते.
पण त्यांचे कान आता माडापर्यंत जात नाहीत.
त्या भोकाच्या शिटीवर त्यांचं सगळं होतं:
बारीक वाजलं की मतलई,
घोगरं वाजलं की दक्षिणेचा,
गप्प झालं की जाळी आवरा.
म्हटलं, 'नाय ओ, पडूक नाय. झाकण लावलंय.'
बराच वेळ काही नाही.
मग, 'आणि माका कसा कळतला?'

ह्याचं उत्तर मेस्त्रींनी
फोनवरच देऊन ठेवलं होतं.

सोमवारी खोली रिकामी होते.
चादरी भिजत घालते, शिडी लावते,
चार फिरक्या आडव्या करते,
दोन्ही हातांनी झाकण उचलून
दारामागे उभं करून ठेवते.
शिटी परत सुरू. जवळ्याचा वास परत.
शुक्रवारपर्यंत एसी बंद, घर आमचं.

परवा दुपारी भांडी घासत होते.
ऊन कडक, आभाळात टिपूस ढग नाही.
पडवीतून, 'फिरलो गो. दक्षिणेचो.'
हात तसेच राखेचे,
अंगणातला जवळा गोळा करायला धावले.