रिकामा कंस

आज फेरीबोट बंद. वारा सेकंदाला चोवीस मीटर.
कार्डलाच्या शाळेत मी, आणि कपाटाखाली गुरगुरणारा सर्व्हर,
ज्यात पाचवीच्या मुलांचं मेंढ्यांचं बेट आहे.

मुलं खेळातल्या वहीत लिहितात.
तावेतनं लिहिलं होतं: प्रत्येक मेंढीची उंची अधिक एक.
दोन अवतरणचिन्हांमध्ये ते नुसतं बसून होतं,
हिवाळ्यात पालथी घातलेली होडी जशी.
अवतरलं काहीच नव्हतं.
अक्षरं मोजा, उलटी वाचा, पुसा,
एक मेंढी मान वर करत नाही.

मग मी ते यंत्राच्या हाती देते.
ते वाचतं, आणि परत देतं ते वाक्य नसतं.
घडी घातलेली कृती असते, अजून न केलेली.
हे दर वेळी सांगावं लागतं:
थांबा, काहीच झालेलं नाही.
नावापुढे रिकामा कंस लिहाल, तेव्हा होईल.

तावेतनं लिहिला.
एकशे चाळीस मेंढ्या दीपगृहावरून
समुद्राकडे निघाल्या, चरत चरत, हवेतच.
रात्री एका आईचा फोन: आमचं कोकरू परत येईल ना?

तेव्हापासून मुलांच्या शब्दांना मी तोकडं जग देते.
कुंपण, गवत, धक्का, एक चंद्र.
दार नाही. फाइल म्हणजे काय, त्यांना ठाऊकच नाही.
(चंद्र विझवता येतो, हे दुसऱ्याच दिवशी शोधलं त्यांनी.)

इती वर्गात फारशी बोलत नाही.
तिच्या वहीतून आज कृती आली नाही,
आलं शून्य, आणि सोबत यंत्राची तक्रार:
ओळ तीन. इथे 'शेवट' हवा होता.

मी वही उघडली.

जर बाबांची बोट धक्क्याला लागली
तर
कुंपण उघड

तिचे बाबा फिनलंडात छपरं घालतात.
पंधरा दिवसांनी येतात, शुक्रवारी.
आज शुक्रवार.

इतरांच्या चुका मी लाल करून परत पाठवते.
हिच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले,
मग 'शेवट' टाइप केला. तिच्या वहीत, तिला न विचारता.
यंत्र गप्प राहिलं. म्हणजे समजलं त्याला.

घडी आता तिच्या नावावर पडून आहे.
कंस मी लिहिलेला नाही.

वारा एकोणीसवर आलाय म्हणतात.