डावीकडून, पुढून

आधी वाटलं, डिकीतला जॅक.
मग वाटलं, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली.
बाटली काढली. जॅक चादरीत गुंडाळला,
किनार चुकलेली, म्हणून घरीच राहिलेली चादर.
तरी कन्ना चौकातून वळताना
खट्.
डावीकडून, पुढून.
कुणीतरी दार न वाजवता
नुसती कडी हलवून बघावी, तसं.

दस्तगीरभाईंनी गाडी खड्ड्यावर घेतली.
"लिंक रॉड गेलाय, ताई. आपल्या रस्त्यांवर
लिंक रॉड म्हणजे चप्पलच की. झिजणारच."
दोन्ही बदलले. चौदाशे.
विजापूर वेशीपर्यंत गाडी गप्प.
वेशीपाशी
खट्.

पुढच्या आठवड्यात खालच्या आर्मचे बुश.
जुने त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले,
चिरलेले, वाळल्या जांभळासारखे.
"बघा. हेच होतं."
मी बघितलं. पटलं.
हेच होतं, एवढं पटायला माणसाला
फार काही लागत नाही.
बाराशे.
खट्.

तिसऱ्या खेपेला नाना सोबत आले.
गाडीसाठी नाही.
अशोक चौकात चष्म्याची काडी बसवायची होती.

नानांना ऐकू येत नाही.
एकेचाळीस वर्षं जॉबर,
एका पत्र्याखाली अठ्ठेचाळीस माग.
निघताना कान तिथंच ठेवून आले,
फंडाच्या कागदावर सही केली तेव्हाच
तेही लिहून दिल्यासारखे.
बेल नाही, कुकर नाही.
माझं चिडणं ते ओठांवरून वाचतात,
आणि सोयीचं तेवढंच वाचतात.

गॅरेजात तोवर गोंधळ.
इरप्पा बॉनेट दाबतोय, सोडतोय,
दस्तगीरभाई खाली बॅटरी घेऊन आडवे,
मी स्टिअरिंग फिरवतेय.
"कुठून येऊलालाय बे?"
"खालनं."
"वरनं की ओ, वरनं."
"गप दाब तू."

नाना स्टुलावर बसले होते.
ऊन पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं.
उठले. बॉनेट उघडायला लावलं.
शॉकअब्सॉर्बरचं डोकं जिथं वर येतं
तिथं डावा तळवा टेकवला,
तापल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा नाही,
मागाच्या सांगाड्यावर टेकवायचे तसा. जोर देऊन.
डोळे मिटले.
"तिप्पु," म्हणाले. फिरव.
मी फिरवलं.
"मळ्ळी."
परत फिरवलं.

हात उचलून एकच बोट
मधल्या नटावर ठेवलं.

पाना लागला. पाऊण फेरा.
"कुठल्या मिस्त्रीनं बसवलं बे हे,"
दस्तगीरभाई ओरडले,
आणि मग हळूहळू त्यांना आठवलं
की गेल्या गणपतीत हे शॉक कुणी बसवले होते.
इरप्पा दुसरीकडं बघायला लागला.
पैसे घेतले नाहीत त्यांनी.
चहा मागवला, वर एक खारी.

चहा बशीत ओतून नाना सांगत होते,
जरा मोठ्यानं, त्यांना कळत नाही किती मोठ्यानं,
धोटा मारायची काठी सैल झाली
की सगळा माग ओरडतो.
नवा जॉबर ओरडणारी जागा आवळत बसतो.
"जुना?" इरप्पानं विचारलं.
नानांनी त्याच्याकडं बघून नुसती मान हलवली.
प्रश्न पोचला की नाही, माहीत नाही.

परतीच्या वाटेवर त्यांचा तळवा डॅशबोर्डवर.
पहिला स्पीडब्रेकर आला.
मी कान लावला.
ते रस्त्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते,
माझ्या कपाळाच्या आठीकडं.
"बंद?"
मी मान हलवली.
दुसरा आला. "बंद?"
हो, नाना.
वेशीतल्या खड्ड्यात मीच मुद्दाम घातलं चाक.

घराच्या दारात इंजिन बंद केलं,
तरी त्यांनी हात काढला नाही लगेच.
मला काही जाणवत नव्हतं.
त्यांना काय जाणवत होतं, विचारलं नाही.

चष्म्याची काडी
तशीच राहिली.