उणे अठरा

तुर्भ्याच्या शीतगृहात माझी रात्रपाळी.
दर दोन तासांनी जॅकेट चढवायचं,
सहा खोल्यांची तापमानं वहीत उतरवायची.
मटार उणे अठरा. कोळंबी उणे अठरा.
तिसरीत उणे सतरा,
तिचं दार नीट बसत नाही, तीनदा कळवलंय.
मधल्या वेळात वाचते.

सध्या एक जपानी कादंबरी, मराठीत आलेली,
कोपरखैरण्याच्या वाचनालयातली, पाठीला चिकटपट्टी.
नायक घरोघरचे गॅस मीटर वाचतो.
उत्तरेकडचं कुठलंसं बंदर, सहा महिने बर्फ.
लोक दार उघडतात, त्याच्या बुटांकडे बघतात,
तो आकडा लिहितो, वाकतो, निघतो.
एकशे चाळीस पानांत त्याला कुणी नाव विचारलेलं नाही,
लेखकानेही सांगितलेलं नाही.
बहिणीची पत्रं येतात. ती न फोडता
तो तांदळाच्या डब्यात ठेवून देतो.

फोड की मेल्या एखादं, मी म्हणते.
माझ्या फोनवर भावाचे अकरा निरोप
न उघडलेले.

समासात कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय,
बारीक, डावीकडे कललेलं अक्षर.
पान एकवीस: बरोबर.
पान अडतीस: हेच.
पान सत्तर, जिथे तो आरशावर टॉवेल टांगतो:
हो. हो.
मी कादंबरी वाचतेय की या माणसाला
(की बाईला, अक्षरावरून कळत नाही)
हे मला सांगता येईना.
एकशे बाराव्या पानावर तो धक्क्याच्या टोकाशी उभा आहे
आणि पाण्याला विचारतो, किती वाजले?
तिथे शब्द नाही. नुसती उभी रेघ,
इतकी दाबलेली की बोट फिरवलं तर मागच्या पानावरही लागते.
त्यापुढचे समास कोरे.

हिराजी मढवी फाटकावरून चहा घेऊन येतो.
'काय व्हतं शेवटी?'
काही होत नाही हो.
'मंग कशाला वाचतंस?'
थंडी कमी वाटते, म्हणाले.
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

मुदत वाढवायला गेले तेव्हा ठोसर बाईंना विचारलं,
माझ्याआधी कुणी नेलं होतं?
त्यांनी कार्ड काढलं. नाव नव्हतं,
सभासद क्रमांक चारशे सात.
'सभासदत्व संपलंय. डिपॉझिट न्यायला आले नाहीत.'
किती होतं?
'दोनशे. बरेच जण येत नाहीत हो,'
आणि त्यांनी पंखा वाढवला.

खोलीतून बाहेर आलं की चष्म्यावर धुकं चढतं.
बाहेर एकतीस, आत उणे अठरा,
अर्धा मिनिट मला अंगणातला ट्रकही दिसत नाही.
तेवढ्या वेळात मी त्याच्या गावात असते.
कुणी हाक मारली तर ओ द्यायची की नाही,
ठरलेलं नसतं.

काल कादंबरी संपली. खरंच काही झालं नाही.
बर्फ थांबलं नाही, पत्रं डब्यातच राहिली,
त्याने शेवटच्या घराचा आकडा लिहिला.
शेवटचं कोरं पान उलटलं
तर तेच कललेलं अक्षर:

मेथी
लिंबं दोन
मिक्सरचा वॉशर
आईची बीपीची गोळी (दहाची पट्टी)

यादी रेघेच्या आधीची की नंतरची?
टोक बोथट दिसतंय,
दाबून रेघ ओढल्यावर होतं तसं.
किंवा मला ते तसं दिसायला हवंय.

मी एकशे बारावं पान पुन्हा काढलं,
वहीची पेन्सिल घेतली
आणि त्या रेघेशेजारी, जागा होती तिथे,
पाण्याने त्याला जे सांगितलं नाही ते लिहिलं:

चार वाजून दहा.
खोली तीन, उणे सतरा.
दार बघायला हवं.